पंख्याला कोण उठवतं?

बोरघाटातल्या जुन्या रस्त्यावर, शिंग्रोबाच्या देवळाच्या जरा अलीकडे, मे महिन्यातल्या एका दुपारी आमची गाडी ट्रकांच्या रांगेत अडकली. पुढे कुठेतरी एक कंटेनर बंद पडला होता. दोन गाड्यांएवढं सरकायचं, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा सरकायचं. बाबा शेजारी बसले होते. आधी त्यांच्याच लक्षात आलं. "काटा बघ," ते म्हणाले.

टेम्परेचरचा काटा एरवी इतका निमूट मध्यावर असतो की तो आहे हेही आपण विसरतो. तो आता लाल पट्टीकडे निघाला होता. घाट चढायचा म्हणून एसी आधीच बंद केला होता. मी काच खाली केली. इंजिनाची धडधड ऐकू येत होती, पण उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॉनेटखालून जो घोंघावणारा आवाज यायला हवा, तो येत नव्हता. रेडिएटरचा पंखा बंद होता.

गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. खोपोलीतला एक ओळखीचा मेकॅनिक अर्ध्यापाऊण तासात मोटरसायकलवरून आला. मला वाटलं, आता तो पंखा खोलेल. त्याने पंख्याकडे बघितलंसुद्धा नाही. इंजिन निवलं होतं. त्याने आधी पाण्याची पातळी पाहिली, ती ठीक होती. मग रेडिएटरच्या खालच्या अंगाला बसवलेल्या एका छोट्या स्विचचं सॉकेट काढलं, त्याच्या दोन घरांत वायरचा तुकडा वाकवून घातला आणि मला चावी फिरवायला सांगितली. पंखा घुमायला लागला.

"म्हणजे स्विच गेलाय," मी म्हणाले.

"थांबा ताई." त्याने तुकडा काढला, सॉकेट परत लावलं आणि गाडी चालू करायला सांगितली. काटा हळूहळू चढू लागला. मध्य ओलांडून पुढे गेला तेव्हा त्याने मला खाली बोलावलं आणि रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्याला, पंख्याच्या पात्यांपासून लांब, हाताची मागची बाजू टेकवायला लावली. इंजिन उकळायच्या बेतात होतं आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावरचा रेडिएटर जेमतेम कोमट होता.

"पंखा मेला नाहीये," तो म्हणाला. "स्विचपण नाही. त्यांना कुणी उठवलंच नाही."

ते वाक्य मी घाटातून घरी घेऊन आले. गाडीतला एक पंखा फिरण्याआधी त्याला उठवायला किती जण लागतात, हे त्यानंतर हळूहळू कळत गेलं, आणि मी वर्षानुवर्षं कशावर बसून प्रवास करत होते याचं मला नव्याने नवल वाटू लागलं.

मुळात तिथे पंखा लागतोच कशाला? पेट्रोल जळतं तेव्हा सिलिंडरमधला वायू क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जातो. ज्या ॲल्युमिनियममध्ये हा जाळ पेटतो ते ६६० अंशांना वितळतं. चूल वितळावी असा हा जाळ, आणि तरी चूल टिकते, कारण प्रत्येक भडका सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच असतो आणि सिलिंडरच्या भिंतींच्या पोटातून सतत पाणी वाहत असतं. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश धुरावाटे जातो आणि उरलेला जवळजवळ एक तृतीयांश या पाण्याच्या अंगावर पडतो.

हिशोब करून पाहिला तेव्हा मी दचकले. एक लिटर पेट्रोलमध्ये विजेच्या बिलावरच्या ९ युनिटांच्या आसपास ऊर्जा असते. लहान गाडी जागच्या जागी चालू ठेवली तर तासाला सुमारे पाऊण लिटर पेट्रोल पिते. त्यातला एक तृतीयांश वाटा पाण्याला, म्हणजे साधारण २ किलोवॅट. घरातल्या गीझरच्या कॉइलएवढी ही आच. सिग्नलला नुसत्या उभ्या असलेल्या प्रत्येक मोटारीच्या पोटात एक गीझर चालू असतो आणि त्याच्यावर पाणी असतं अवघं चार-पाच लिटर. ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर पाच लिटर पाणी ९० अंशांवरून १२० वर जायला पाच-सहा मिनिटं पुरतात. इंजिनाचं लोखंड-ॲल्युमिनियम थोडी उष्णता स्वतःत मुरवतं, म्हणून आणखी काही मिनिटं हाती लागतात, एवढंच. आणि हे झालं उभ्या गाडीचं. चढावर जोर लावणाऱ्या इंजिनाची आच याच्या कितीतरी पट.

पाणी ती उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत आणतं आणि तिथे हवेच्या हवाली करतं. पण हे देणंघेणं फार विषम आहे. उष्णता पोटात घेण्याच्या बाबतीत पाण्याइतकी दिलदार वस्तू आपल्या रोजच्या जगात क्वचितच सापडेल, आणि हवा त्या मानाने फारच दरिद्री. एक लिटर पाणी एका अंशाने निवतं तेव्हा त्याने सोडलेली उष्णता घ्यायला जवळजवळ साडेतीन हजार लिटर हवेला एका अंशाने तापावं लागतं. रेडिएटरच्या बारीक नळ्यांवर चिकटवलेल्या त्या कागदासारख्या पातळ जाळ्या, सगळं समोरचं तोंड उघडं ठेवणारी जाळी, आणि तो पंखा, हा सगळा संसार या एका आकड्यापायी मांडलेला आहे. हवा पुष्कळ लागते. गाडी ताशी ५०-६० किलोमीटरने धावत असली की ती फुकट मिळते, म्हणून महामार्गावर पंखा बहुधा निवांत असतो आणि तसंच असायला हवं. घाटात रांगेत उभं राहिलं की फुकटची हवा संपते. इंजिनावर ताण जास्त आणि वारा जवळजवळ नाही, असा हा प्रसंग आणि पंखा जन्माला आला तो या प्रसंगासाठी.

सुरुवातीच्या मोटारींना रेडिएटरच नव्हता. कार्ल बेंझच्या गाडीत पाणी सरळ उकळून वाफ होऊन उडून जायचं आणि जाताना उष्णता घेऊन जायचं. माठातलं पाणी पाझरून उडतं आणि आतलं निवतं, त्याच कुळातली ही युक्ती, फक्त उकळत्या पाण्याची. तिला तहान फार. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटरच्या त्या वाटेवर तिला पुनःपुन्हा थांबून पाणी भरावं लागलं. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास म्हणून तो गाजला. मला त्यात आता एका बाईने उष्णतेशी दिवसभर केलेली झटापट दिसते.

त्यानंतर जेमतेम बारा वर्षांत विल्हेल्म मायबाख या इंजिनिअरने ३५ अश्वशक्तीच्या पहिल्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला. त्यात ६ मिलिमीटर रुंदीच्या ८०७० चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून वारा जायचा, नळ्यांभोवती पाणी खेळायचं. एवढ्या ताकदीच्या इंजिनाला त्यामुळे ९ लिटर पाणी पुरू लागलं. आणि मायबाखने त्या पोळ्याच्या मागे एक छोटा पंखा बसवला, गाडी हळू चालत असेल तेव्हासाठी. डिसेंबर १९०० मध्ये ही गाडी तयार होती. म्हणजे बोरघाटात आम्हाला जी अडचण आली, तिचं उत्तर त्याने सव्वाशे वर्षांपूर्वीच शोधून ठेवलं होतं.

त्या आणि त्यानंतरच्या कित्येक दशकांतल्या गाड्यांचे पंखे इंजिनालाच जोडलेले असायचे. बाबांच्या जुन्या पद्मिनी गाडीला असाच पंखा होता. पट्टा फिरतोय तोवर पंखा फिरतोय. बाबांना पंखा "चालू न होणं" ही गोष्टच पटेना. "पट्टा तुटला तर दिसतो तरी," ते म्हणाले. त्यांचं खरं आहे. पण त्या सरळ पंख्यात एक मोठी विसंगती होती. इंजिन संथ तेव्हा तोही संथ, म्हणजे नेमकी गरज असताना सुस्त. आणि महामार्गावर, जिथे त्याचं काहीच काम नाही, तिथे जिवाच्या आकांताने पळणारा. पंख्याचा वेग दुप्पट केला की त्याला लागणारी ताकद आठपट होते, त्यामुळे हे पळणं पेट्रोलला चांगलंच महाग पडायचं. घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि शेजारी पाण्याचा डबा घेऊन बसलेली माणसं हे माझ्या लहानपणीच्या प्रत्येक पुणे-मुंबई प्रवासातलं दृश्य होतं.

मग इंजिनं आडवी झाली. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाड्यांत जागा वाचवायला इंजिन रुंदीच्या दिशेने बसवतात. त्याचा फिरता दांडा डावी-उजवीकडे तोंड करून असतो आणि रेडिएटर असतो समोर. पट्टा तिथवर नेणं अवघड. म्हणून पंख्याला स्वतःची विजेची मोटर मिळाली. आपल्याकडे १९८३ साली आलेल्या मारुती ८०० बरोबर असा विजेचा पंखा घरोघरी पोचला. पंखा इंजिनापासून सुटा झाला, आणि सुटा झाल्याबरोबर एक नवा प्रश्न उभा राहिला. पट्ट्यावरच्या पंख्याला कुणी उठवावं लागत नव्हतं. याला कोण उठवणार?

पहिला उठवणारा मेणाचा आहे. हे मी ऐकलं तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. इंजिन गार असताना ती बंद असते, म्हणजे पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरून लवकर तापावं. झडपेच्या मध्यभागी पितळेची लहानशी डबी आणि तिच्यात मेण. ८२ ते ८८ अंशांच्या आसपास हे मेण वितळतं आणि वितळताना १०-१५ टक्क्यांनी फुगतं. फुगलेल्या मेणाला जायला जागा नसते, म्हणून ते एका बारीक दांडीला बाहेर ढकलतं आणि सात-आठ मिलिमीटरची फट उघडते. त्या फटीतून तापलेलं पाणी रेडिएटरकडे निघतं. वीज नाही, वायर नाही, कॉम्प्युटर नाही. मेणबत्तीखाली ओघळलेलं मेण पुन्हा गोठतं, एवढीच करामत, पण नेमक्या अंशाला आणि हजारो वेळा. सर्जियस वर्नेट या संशोधकाने १९३० च्या दशकात ती गाडीत आणली आणि आजच्या बहुतेक गाड्यांत ती तशीच आहे.

आमच्या गाडीत हे मेणच रुसलं होतं. झडप बंदच राहिली, तापलेलं पाणी रेडिएटरपर्यंत पोचलंच नाही, आणि पंख्याचा स्विच रेडिएटरच्या खालच्या अंगाला गार पाण्यात पाय सोडून बसलेला. त्याच्या दृष्टीने सगळं ठीक होतं. काट्याला बातमी देणारा सेन्सर वेगळा, तो इंजिनात. तो खरं तेच सांगत होता. दोघेही खरंच बोलत होते.

त्या स्विचमध्ये दोन धातूंची एक चकती असते. तापलं की एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त पसरतो आणि चकती डब्याच्या झाकणासारखी टपकन उलटी होते. साधारण ९५ अंशांना ती उलटते आणि पंखा लावते, पाच-सात अंश उतरल्यावर सुलटते आणि बंद करते. मधलं हे अंतर मुद्दाम ठेवलेलं. ते नसतं तर पंखा क्षणाक्षणाला लागत-विझत राहिला असता.

नव्या गाड्यांत मात्र ही चकती गेली आणि तिच्या जागी जे आलं त्याची गोष्ट चांदीच्या काळेपणापासून सुरू होते. पैंजणांवर, देवघरातल्या निरांजनावर जो काळा थर चढतो ते सिल्व्हर सल्फाइड. १८३३ साली मायकेल फॅरेडेने या पदार्थाबद्दल एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली: तापवलं की त्यातून वीज अधिक सहज वाहते. तांबं-लोखंड याच्या बरोबर उलट वागतात. फॅरेडेने पाहिलेल्या या उलट्या स्वभावाचे पदार्थ आता गाडीच्या टेम्परेचर सेन्सरमध्ये बसतात. पुष्कळ गाड्यांत २० अंशांना त्याचा रोध दोन-अडीच हजार ओहम असतो आणि ८० अंशांना तो तीनशेच्या आसपास घसरतो. गाडीतला कॉम्प्युटर, म्हणजे मेकॅनिक ज्याला ईसीएम म्हणतात तो, या घसरणीवरूनच पाण्याचं तापमान ओळखतो. त्याला आच कधी जाणवत नाही. त्याला फक्त वाट किती मोकळी झाली ते कळतं.

या सेन्सरचं सॉकेट काढून टाकलं तर वाट पूर्ण बंद होते. ईसीएमच्या भाषेत त्याचा अर्थ उणे ४० अंश किंवा त्याहूनही गार. खोपोलीत हे शक्य नाही, एवढं त्याला शिकवलेलं असतं. सेन्सर बिघडला असं समजून पुष्कळ गाड्यांतला ईसीएम स्वतःहूनच पंखा लावून ठेवतो. माहीत नसेल तेव्हा गार ठेव, इंजिन जाळू नकोस, असं कुण्या इंजिनिअरने आधीच बसून ठरवून ठेवलंय. घाटात अडकलेल्या अनोळखी माणसाची ही काळजी मला फार हृद्य वाटते. मेकॅनिकला त्यातून एक सोपी तपासणीही मिळते: सॉकेट काढल्यावर पंखा लागला, तर पंखा, रिले, फ्यूज सगळे शाबूत, शंका सेन्सरवर, किंवा त्याच्याभोवतीच्या पाण्यावर.

हे पाण्याचं सांगायलाच हवं, कारण इथे चांगली चांगली माणसं फसतात. पाणी कमी झालं की सेन्सरचं टोक वाफेच्या किंवा हवेच्या पोकळीत उघडं पडतं. उकळत्या पाण्याइतकी आच ती पोकळी त्याला देत नाही. इंजिन करपत असतं आणि सेन्सर सांगतो, फारसं काही नाही. म्हणून पंखा लागत नाही असं दिसलं की थंड इंजिनावर आधी या पाण्याची, म्हणजे कूलंटची, पातळी बघायची, बाकी सगळं नंतर.

ईसीएमने ठरवलं, तरी पंख्याला तो स्वतः उठवू शकत नाही. पंख्याच्या मोटरला १५-२० अँपिअर, कधी त्याहूनही जास्त करंट लागतो. ईसीएमच्या नाजूक पायांतून एवढा करंट गेला तर ते जळून जातील. मध्ये रिले येतो. काळ्या प्लास्टिकची काड्यापेटीहून लहान डबी. तिच्यात तारेचं एक वेटोळं. त्यातून एका अँपिअरच्या सहाव्या-सातव्या भागाएवढा करंट सोडला की ते लोहचुंबक होतं आणि शेजारची पट्टी ओढून मोठ्या करंटची वाट जोडून देतं. जोडताना "टक्" असा आवाज येतो. तारायंत्राच्या लांब तारांमध्ये दमलेला संदेश पुन्हा ताजा करून पुढे पाठवायला जे यंत्र वापरत, तेच हे. जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास त्याची युक्ती बसवली होती. रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे छापलेले असतात. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी वाट, ८७ म्हणजे पंख्याकडे जाणारी, ८५ आणि ८६ वेटोळ्याची दोन टोकं. हे आकडे जर्मन प्रमाणकातून आले आणि जगभर पसरले. खोपोलीतल्या माणसाने स्टुटगार्टमधली गाडी उघडली तरी त्याला तेच आकडे भेटतात.

आता शोध कसा घ्यायचा, ते पाहू. साखळी लांब आहे: पाणी, मेण, सेन्सर, ईसीएम, रिले, फ्यूज, मोटर, आणि शेवटी अर्थिंग. एका टोकापासून एकेक कडी तपासत बसलं तर दिवस जातो. जाणता मेकॅनिक साखळी मध्यावर तोडतो. सर्वांत सोपी तोड गाडीतच आहे: एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लागला की पंख्याला वेगळ्या वाटेने हुकूम जातो. तेव्हा पंखा फिरला तर मोटर आणि तिची वायरिंग धडधाकट, दोष तापमान सांगणाऱ्या बाजूला. एक मात्र आधी पाहून घ्यायचं, की एसीच्या कंडेन्सरला स्वतंत्र दुसरा पंखा आहे का. असेल तर फिरतोय तो कोणता हे नीट बघायचं.

एसीनेही पंखा जागचा हलला नाही, तर दुसरी तोड. मोटरचं सॉकेट काढून तिला बॅटरीवरून थेट करंट द्यायचा, मध्ये योग्य फ्यूज लावून आणि प्लस-मायनस सांभाळून. उलटसुलट झालं तर पंखा उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच भांडतो. मोटर फिरली तर ती ठीक, मागे रिले आणि फ्यूजकडे जायचं. हॉर्नचा किंवा दिव्यांचा रिले त्याच नंबरचा असेल तर तो काढून पंख्याच्या जागी लावून बघतात. पाच रुपये न खर्चता निकाल लागतो. फ्यूज उडलेला असेल तर नवा घालण्यापूर्वी तो का उडला हे विचारायचं. बेअरिंग जाम झालेली मोटर जास्त करंट ओढते. त्याच्या जागी मोठा फ्यूज किंवा नुसती तार घातली तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल.

मोटर थेट करंटवरही गप्प असेल तर बहुधा आतले कार्बन ब्रश झिजलेले असतात. काठीने हलकेच टकटक केल्यावर ती फिरायला लागली, तर ब्रशची ही अखेरची धुगधुगी आहे हे ओळखायचं. काही गाड्यांचा पंखा दोन वेगांनी फिरतो आणि कमी वेगासाठी एक रेझिस्टर असतो. तो जळला की कमी वेग नाहीसा होतो आणि जास्त वेग मात्र चालू राहतो. गाडी कधी कधीच तापते आणि माणूस चक्रावतो. ईसीएमच्या पोटात पी ०४८० असा कोड लिहिलेला सापडला तर पंख्याच्या हुकुमाच्या वाटेत कुठेतरी दोष आहे. अगदी नव्या गाड्यांत पंख्याचा वेग एक वेगळं मोड्यूल ठरवतं. तिथे वायरचे तुकडे घालून प्रयोग करू नयेत, स्कॅनर लावणाऱ्याकडेच जावं.

आणि अर्थिंग. सगळ्यात दुर्लक्षित. मोटरमधून गेलेल्या करंटला गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतायचं असतं. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक जसं कळकतं, तसा हिरवट थर कोकणातल्या खाऱ्या हवेत वायरींच्या टोकांवर चढतो. त्या थरामुळे नुसता एक दशांश ओहम रोध वाढला, तरी २० अँपिअरच्या वाटेत २ व्होल्ट तिथेच हरवतात आणि जवळजवळ ४० वॅट उष्णता त्या एका जोडावर साचते. सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच वॅटचा असतो. म्हणून पंख्याचं सॉकेट काढलं की प्लास्टिक तपकिरी झालंय का, वितळलंय का, हे आधी पाहायचं. सँडपेपरने घासलेला एक नटबोल्ट कधी कधी नव्या मोटरचा खर्च वाचवतो.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. पहिली, इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. ते झाकण म्हणजे कुकरची शिट्टी आहे. जवळजवळ कुकरइतकाच दाब ते आत धरून ठेवतं, म्हणूनच आतलं पाणी १२० अंशांनाही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि त्या पाण्याचा काही भाग एका क्षणात वाफ होतो. लिटरमागे जेमतेम चार टक्के, पण वाफ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. एका लिटरमागे साठ लिटर वाफ, आणि तिच्यासोबत उसळणारं उकळतं पाणी, सरळ चेहऱ्यावर. निदान अर्धापाऊण तास थांबायचं. दुसरी गोष्ट, विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. पात्यांजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरीची मायनस वायर काढायची. ओढणी, केस लांब ठेवायचे.

घाटात काटा चढताना दिसला आणि लगेच थांबायला जागा नसेल, तर एसी बंद करून गाडीतला हीटर पूर्ण लावायचा. मे महिन्यात हे ऐकून घाम फुटेल, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे लपलेला छोटा रेडिएटरच आहे, त्याला स्वतःचा पंखा आहे, आणि बहुतेक गाड्यांत त्याच्याकडे जाणारी पाण्याची वाट थर्मोस्टॅटच्या झडपेवर अवलंबून नसते. काचा खाली करायच्या आणि इंजिनाची आच आपल्या अंगावर घ्यायची. जागा मिळताच थांबायचं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी मात्र ओतायचं नाही. इंजिनाच्या हेडला तडा जाऊ शकतो.

आमच्या गाडीचा थर्मोस्टॅट मेकॅनिकने इंजिन पुन्हा निवल्यावर तिथेच काढला. खाली सांडलेलं कूलंट त्याने आधी पाण्याने धुऊन टाकलं. ते चवीला गोड असतं आणि विषारी, कुत्री चाटतात. मग खोपोलीहून येताना अंदाजाने आणलेला नवा थर्मोस्टॅट पिशवीतून काढला. घाटातल्या चहाच्या टपरीवर एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यात पाणी उकळायला ठेवलं आणि तारेला बांधून जुना-नवा दोन्ही त्यात सोडले. आम्ही तिघं आणि चहावाला डब्यात डोकावून उभे. तळाशी बारीक बुडबुडे धरायला लागले तसा नव्याच्या मध्यातून एक चकचकीत कडा वर उचलली गेली, सावकाश, कळी उमलावी तशी. जुना उकळत्या पाण्यातही मिटलेलाच राहिला.

नवा बसवला, कूलंट भरलं, हवा काढली. मग इंजिन चालू ठेवून आम्ही बॉनेटसमोर उभे राहिलो. काटा मध्यावर आला. मेकॅनिकने रेडिएटरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं, मी हाताची मागची बाजू टेकवली आणि झटकन काढून घेतली. आता तो चांगलाच तापला होता. आणखी दोन मिनिटं गेली. बाबा काही बोलायला लागले तर त्याने हात वर करून त्यांना थांबवलं.

टक्.

आणि पंखा घुमायला लागला.